मटार आणि स्वीट पी एकाच जाळीवर? ताई, आधी पोराचा विचार करू

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून थोडक्यात सांगते. त्यांच्या टेरेसवर चांगलं ऊन येणारी एकच भिंत आहे, तिथं दिरांनी लोखंडी जाळी बसवून दिली. सासूबाईंना त्या जाळीवर मटार हवा आणि ताईंना स्वीट पी, म्हणजे मटारसारखाच दिसणारा सुवासिक फुलांचा वेल, कारण माहेरी गडहिंग्लजला आजोबांच्या अंगणात तो असायचा आणि थंडीत सगळं अंगण त्या वासानं भरायचं. दिवाळीनंतर दोन्ही पॅकेटं आणली, बिया एकाच ट्रेमध्ये पेरल्या, लेबलं पाण्यानं पुसली गेली आणि आता रोपं वीतभर झालीत पण कुठलं काय ते कळेना. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, त्याला मटार सोलून कच्चाच खायची सवय. सासूबाई म्हणतात दोन्ही एकच, नुसतं एकाला फूल चांगलं येतं. शेजारच्या काकू म्हणतात जवळजवळ लावले तर परागकण इकडचे तिकडं होऊन मटारपण विषारी होतो. ताई विचारतात, खरं काय, दोन्ही एका जाळीवर चढवू का, आणि एकच ठेवायचा झाला तर कुठला?

ताई, उत्तर आधी देते, कारणं मागनं सांगते. स्वीट पी खायचा नसतो. शेंग नाही, बी नाही, फूल नाही, कोवळा शेंडापण नाही. आणि तुमच्या घरात शेंग दिसली की सोलून तोंडात टाकणारं बारकं पोर आहे, त्यामुळं हे दोन वेल एका जाळीवर नकोत, अजिबात नकोत. पण म्हणून स्वीट पी उपटून फेकून द्या असं मी सांगणार नाही, तुमच्या पत्रात त्या फुलाची जी ओढ आहे ती वाचल्यावर तर मुळीच नाही. दोन्ही ठेवता येतील, फक्त जागा वेगळ्या करायच्या आणि वागवायची पद्धत पण वेगळी, म्हणजे एकदम उलटी.

आधी ओळख पटवून घ्या, वीतभर रोपात ते जमतंय. उद्या सकाळी ट्रे उजेडात घ्या आणि पानं मोजत बसू नका. सगळीकडं हेच सांगतात की मटारला पानांच्या दोन-तीन जोड्या आणि स्वीट पीला एकच जोडी, मोठ्या वेलाला ते बरोबर आहे पण रोप लहान असताना मटारलापण एकच जोडी असते, तिथंच माणूस फसतो. त्यापेक्षा पानाचा देठ खोडाला जिथं जोडलाय ती जागा बघा. मटारला तिथं दोन मोठी गोलसर उपपर्णं असतात, खऱ्या पानापेक्षापण मोठी, आणि ती खोडाला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसलेली असतात. स्वीट पीला त्या जागी बारीक टोकदार पातं असतं, शोधल्याशिवाय दिसत नाही. मग खोड चिमटीत धरून हळू फिरवा. मटारचं खोड गुळगुळीत, गोल, वरनं निळसर पांढरी झाक असलेलं, बोट फिरवलं की ती झाक पुसली जाते. स्वीट पीचं खोड चपटं लागतं, दोन्ही कडांना पातळ पट्टी निघालेली असते, अंगावर बारीक लव असते आणि रोप वाढेल तसं हे आणखी स्पष्ट होत जातं. सगळं बघूनही ज्याच्याबद्दल शंका राहील ते रोप स्वीट पी समजा, ह्यात तडजोड नको.

फुलं आल्यावर बघू असं म्हणून थांबू नका. भाजीच्या मटारला पांढरं फूल येतं हे खरं, पण वाटाण्याच्या काही जातींना जांभळं-गुलाबी फूलपण येतं, त्यामुळं रंगावरनं नक्की सांगता येत नाही. वासावरनं बऱ्यापैकी कळतं. शेंगेवरनं मोठ्या माणसाला कळतं कारण स्वीट पीची शेंग चपटी आणि लव असलेली, मटारची भरलेली आणि गुळगुळीत, पण स्वीट पीची शेंग कोवळी असताना आतले दाणे हिरवेगार गोलच असतात. चार वर्षांच्या पोराला तो मटारच वाटणार. शिवाय फ्रोजन मटारच्या पाकिटावर कंपन्या स्वीट पीज असं लिहितात, त्यामुळं वाचता येणारी मोठी माणसंपण गोंधळतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत हे त्यांना जरूर सांगा. दोन्ही एकाच कुळातले, जवळचे नातेवाईक. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये दोघांना नावं दिली तेव्हा मटार पायसम नावाच्या गटात टाकला आणि स्वीट पी लॅथायरस नावाच्या गटात, पण अलीकडं डीएनए तपासून काही वनस्पतिशास्त्रज्ञ मटारलाही लॅथायरसमध्येच घालायला लागलेत, इतके ते जवळ आहेत. पण नातं जवळचं म्हणून खायला चालतं असं होत नाही. ह्याच लॅथायरसमधली आणखी एक वनस्पती म्हणजे लाख, विदर्भात लाखोळी म्हणतात, तिची डाळ. दुष्काळात महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्लेल्या लोकांचे पाय कायमचे लुळे पडले, म्हणून 1961 मध्ये देशात बहुतेक ठिकाणी तिच्या विक्रीवर बंदी आली.

स्वीट पीतलं विष लाखेपेक्षा वेगळं आहे. लाखेतलं मज्जातंतूंवर जातं, स्वीट पीतलं हाडांवर आणि रक्तवाहिन्यांवर. त्याचं नाव बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल, नाव विसरलात तरी चालेल पण काम समजून घ्या. आपली हाडं, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती ह्यांना चिवटपणा देणारं कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, त्याचे धागे एकमेकांत घट्ट जोडणारं एक एन्झाइम शरीरात असतं आणि हे विष ते एन्झाइमच बंद पाडतं. प्रयोगशाळेत वाढत्या वयाच्या उंदरांना स्वीट पीच्या बिया चारल्या तेव्हा त्यांचे मणके वाकडे झाले आणि मोठ्या रक्तवाहिन्या फुगून फुटल्या. हे सतत आणि भरपूर चारल्यावर झालं, एखाद्या शेंगेनं नाही, त्यामुळं घाबरून जाऊ नका. पण वाढतं अंग असलेल्या पोराला हे खायची सवय लागणं म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच.

आणि समजा खाल्लीच एखादी शेंग. तोंडातलं काढा, चूळ भरायला लावा, पाणी द्या आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढायला जाऊ नका, त्यानं उलट इजा होते. बऱ्याच बिया गेल्या असतील, उलट्या होत असतील, पोर मलूल वाटत असेल तर फोनाफोनी करत थांबू नका, रात्र असली तरी सीपीआर सरकारी रुग्णालय आहे, तिथं न्या आणि वेलाचा तुकडा शेंगेसकट पिशवीत घालून सोबत घ्या म्हणजे डॉक्टरांना ओळखायला सोपं जातं.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात नाही पण मला जास्त काळजीची वाटते. पॅकेटातल्या बियांना कधीकधी गुलाबी किंवा लालसर पावडर लावलेली असते, ते बुरशीनाशक असतं, आणि ते मटारच्या बियाण्यालापण असतं. म्हणजे उरलेलं मटारचं बियाणं स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, भिजवून उसळीत तर घालायचंच नाही. दोन्ही पॅकेटं एका डब्यात बंद करून वर माळ्यावर ठेवा.

शेजारच्या काकूंची भीती मात्र पूर्ण सोडून द्या. मटार आणि स्वीट पी ह्यांचा एकमेकांशी संकर होत नाही. मुळात दोघांची फुलं अशी की कळी नीट उघडायच्या आधीच आतल्याआत स्वतःचं परागीभवन उरकून घेतात, बाहेरच्या फुलाचा पराग यायला फारशी संधीच राहत नाही. मेंडेलनं ब्रनोच्या मठातल्या बागेत 1856 ते 1863 मटारवर प्रयोग केले, 1866 मध्ये ते छापून आले आणि सगळं अनुवंशशास्त्र तिथनं सुरू झालं, त्यानं मटार निवडण्याचं एक मोठं कारण हेच होतं. पुढं बेटसन आणि पनेट ह्या दोघा शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये स्वीट पी घेतला आणि दोन पांढऱ्या फुलांच्या जाती हातानं एकमेकींशी जुळवल्या तर पुढच्या पिढीत जांभळी फुलं आली, कारण रंग तयार व्हायला दोन वेगवेगळी जनुकं लागतात आणि प्रत्येक पांढऱ्या जातीत त्यातलं एकेक बिघडलेलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. एक वेल ताटातला, एक फुलदाणीतला, आणि आईबापांचं लेकरांत काय येतं ते जगाला ह्या दोघांनी शिकवलं. काकूंना चहाला बोलवा आणि सांगा, मटार मटारच राहणार.

मग एका जाळीवर का नको, तर फक्त पोराच्या हातामुळं. दोन्ही वेलांचे तणावे एकमेकांत अडकतात, महिन्याभरात कुठली फांदी कुणाची ते तुम्हालापण शोधायला लागेल आणि त्या गुंत्यात लटकलेली शेंग पोरगं ओढणारच. म्हणून जाळी मटारला द्या. हे मी सासूबाईंची बाजू घेऊन सांगत नाही, जिथं पोराचा वावर आहे तिथं खायचंच झाड असावं एवढंच. स्वीट पी खोल कुंडीत, बारा इंच तरी खोल, आणि अशा ठिकाणी जिथं दार लावता येतं, उदाहरणार्थ बेडरूमची गॅलरी, पूर्वेचं ऊन असेल तर उत्तमच. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं आणि दुपारी सावली आली तर आपल्या कोल्हापुरात तो उलट जास्त टिकतो, कारण संक्रांत झाली की दुपारचं ऊन बोचायला लागतं आणि ह्या फुलाला उकाडा सोसत नाही.

आणि आता खरा उपाय, हा नीट वाचा. स्वीट पीला शेंग धरूच द्यायची नाही. हा एका हंगामाचा वेल आहे, बी तयार झालं की त्याच्या दृष्टीनं काम संपलं आणि तो फुलं द्यायची बंद करतो. तुम्ही फुलं देठासकट कापत राहिलात, रोज नाहीतर निदान एक दिवसाआड, तर तो बी धरायच्या धडपडीत नवीन कळ्या काढत राहतो. म्हणजे पोराला धोका असलेली शेंगच वेलावर राहत नाही आणि तुम्हाला फुलं जास्त दिवस मिळतात. एका कात्रीनं दोन्ही कामं. घरातल्या प्रत्येक पाण्याच्या पेल्यात चार देठं ठेवा, शेजारी द्या, काकूंना द्या, हात आखडू नका. हे फूल पाण्यात तीन-चार दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून आपल्याकडं महाद्वार रोडच्या फुलवाल्यांकडं सहसा दिसत नाही, झेंडू, शेवंती, निशिगंध ढिगानं, पण स्वीट पीचा वास ज्याला हवा त्यानं घरीच लावायचा. कापताना मागं राहिलेली एखादी सुकत आलेली फुलकाडी दिसली, तिच्या बुडाशी हिरवी काडीसारखी शेंग लांबायला लागलेली दिसली की लगेच खुडा आणि ती कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्याच्या गाडीत द्या.

सासूबाईंना देवाला वाहायला ही फुलं हवी असतील तर खुशाल वाहू द्या. फक्त नैवेद्याच्या वाटीवर किंवा प्रसादाच्या ताटलीत ठेवू नका, पोरं प्रसादाबरोबर पाकळी खातात. केकवर, सॅलडवर सजवायला फुलं वापरायची फॅशन आलीय तिथंपण हे नाही. मटारचं फूल आणि मटारचे कोवळे शेंडे मात्र खुशाल खा, लसणाच्या फोडणीत परतले तर दोन मिनिटांत भाजी होते आणि खाताना वासाला चक्क ओला मटार लागतो.

मटाराबद्दल सासूबाईंना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, चार-पाच कुंड्यांतनं घरचा मटार भागणार नाही. एक-दोन वेळच्या पोह्यांपुरता, फार तर एखाद्या आमटीपुरता होईल. डिसेंबर-जानेवारीत लक्ष्मीपुरीत, कपिलतीर्थला मटारचे ढीग लागतात आणि भाव उतरतो, त्यामुळं पैशाच्या हिशोबानं कुंडीत मटार लावणं परवडत नाही. तरी लावावा असं मी म्हणते, चवीसाठी. शेंग वेलावरनं तोडली की दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर व्हायला लागतं, मंडईत येईपर्यंत गोडवा बराच गेलेला असतो, तोडल्यातोडल्या सोललेल्या दाण्याची चव विकत मिळतच नाही. तुमचं पोरगं आजीच्या शेजारी बसून वेलावरची शेंग सोलून खाईल तेव्हा त्याला भाजी कुठनं येते ते कळेल, ह्या वयात ते फार महत्त्वाचं आहे. पण नियम एक करा आणि घरातल्या सगळ्यांनी पाळा, आई किंवा आजी शेजारी असल्याशिवाय झाडावरचं काहीच तोंडात घालायचं नाही, मटारपण नाही. चार वर्षांच्या मुलाला हे खा आणि ते खाऊ नको असं दोन वेलांमध्ये सांगण्यापेक्षा हा सरसकट नियम समजायला सोपा आहे.

आता रोपं वेगळी कशी करायची. संध्याकाळी ट्रे चांगला भिजवा, अर्धा तास थांबा, मग मातीसकट गड्डा उचलून मुळं बोटांनी हळू मोकळी करा. दोघांनाही मुळं दुखावलेली आवडत नाहीत, दोन-तीन रोपं दगावली तर वाईट वाटून घेऊ नका. नवीन जागी लावल्यावर दोन दिवस सावलीत. स्वीट पीचा शेंडा तीन-चार पानं झाली की खुडा म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात, मटारचा शेंडा खुडायची गरज नाही. पॅकेटवर अर्केल लिहिलं असेल तर तो बुटका, गुडघ्याच्या थोडा वर जातो आणि दोन महिन्यांत शेंगा देतो, बोनव्हिला असेल तर थोडा उंच आणि थोडा उशिरा. दोन्हीच्या शेंगेची साल चिवट, फक्त दाणे खायचे.

खताचा मोह आवरा. दोघांच्याही मुळांवर गाठी येतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून वेलाला देतात, वरनं युरिया घातला की नुसता पालाच पाला. आपल्याकडं साखर कारखान्याची चांगली कुजलेली मळी, म्हणजे प्रेसमड, मिळते, ती कुंडीत आधीच मुठीनं मिसळली तर बास. ओली, वास येणारी मळी घालू नका, ती तापते आणि मुळं जळतात. पाणी सकाळी, मातीत, पानांवर नाही. जानेवारी संपत आला की पानांवर पांढरी भुरी येईल, दोघांवरही येते, सुरुवातीलाच ती पानं काढा आणि आंबट ताक पाण्यात पातळ करून फवारा. मटारवर औषधाच्या दुकानातलं काही मारू नका, पोर तिथनंच तोडून खाणार आहे.

तुम्ही विचारलंय की एकच ठेवायचा तर कुठला. दार बंद होणारी गॅलरी किंवा तशी दुसरी जागा नसेलच, सगळं एकाच टेरेसवर आणि पोर दिवसभर तिथंच, तर यंदा मटार ठेवा आणि स्वीट पीची रोपं गडहिंग्लजला पाठवा, मोकळं अंगण आहे, बसनं कागदात गुंडाळून ओल्या फडक्यात नेली तर जगतात. सोबत चिठ्ठी द्या की शेंगा खायच्या नाहीत. पोर सहा-सात वर्षांचं झालं, ऐकून समजून घ्यायला लागलं की तुमच्या टेरेसवर परत आणा. तेव्हा बियाणं घेताना कुपानी नावाचं मिळालं तर तेच घ्या. सिसिलीतल्या फ्रान्सेस्को कुपानी नावाच्या ख्रिस्ती साधूनं 1699 मध्ये इंग्लंडला ज्या बिया पाठवल्या त्या जातीच्या जवळचं ते आहे, फूल लहान, गडद तांबूस आणि जांभळं, पण वास जबरदस्त. नंतरच्या मोठ्या झालरीदार फुलांमध्ये बऱ्याच वेळा वास कमी झालाय, आणि तुम्हाला तर आजोबांच्या अंगणातला तो वासच हवाय.

पुढच्या वर्षी पेरणी दसऱ्यानंतर पाऊस थांबला की लगेच करा, दिवाळीनंतरची थोडी उशिराच होते. स्वीट पीच्या बीचं कवच कडक असतं, पॉलिश पेपरवर एका बाजूनं किंचित घासा आणि रात्रभर भिजवा, मटार चार-पाच तास भिजवला तरी पुरे. बी घरचं धरायचं म्हणाल तर स्वीट पीचं नको, पोर मोठं होईपर्यंत दरवर्षी नवीन पॅकेट घ्या. मटारच्या मात्र चार चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्या, अर्केल सरळ वाण आहे, पुढच्या वर्षी तसाच येतो. दाणे खडखडीत वाळले की काचेच्या बाटलीत थोडी चुलीची राख घालून ठेवा.